गणिताच्या पेपरचा खाडा

कोंडीरामला आयुष्यात एकच विद्या पुरती साधली होती, ती म्हणजे खाडा पुसून घेण्याची. मिलच्या सूत कातायच्या रिंग खात्यात त्याच्यापेक्षा सरस कामगार पुष्कळ होते. तुटलेला धागा बघता बघता जोडणारे होते, साहेबाशी इंग्रजीत दोन शब्द बोलणारेही होते. पण हजेरीत कुणाच्या तिकीट-नंबरापुढे गैरहजेरीची फुली पडली की तो माणूस आधी कोंडीरामला गाठायचा.

ही विद्या त्याला फुकटात मिळाली नव्हती. नवखा असताना, गैरहजर कामगाराच्या बदलीवर काम करत असताना, एकदा तो दिवसभर राबला आणि हजेरी कारकुनानं त्याच्या नंबरापुढे फुली मारून ठेवली. चूक कारकुनाची होती, सरळ सरळ. कोंडीराम तेव्हा तरणाताठा. हजेरीच्या खिडकीशी जाऊन म्हणाला, "रावसाहेब, चूक तुमची हाय." त्या एका वाक्यापायी त्याला दोन महिने घरी बसावं लागलं. रोज सकाळी तो मिलच्या दरवाजाशी उभा राहायचा आणि रोजची माणसं निवडणारा जॉबर त्याच्या डोक्यावरून मागच्या माणसाला हाक मारायचा.

शेवटी त्या जॉबरनंच, गुणाजीनं, दया येऊन म्हणा की रोज तेच तोंड बघून कंटाळून म्हणा, त्याला कानमंत्र दिला. "अरं, फुली खोडायला लावलीस तर कारकुनाची लाज जाती. आन् लाज गेलेला कारकून लई वाईट. त्यापरास म्हनायचं, व्हय रावसाहेब, ताप आला हुता, सांगायचं राहून गेलं, माफी करा. खाड्याची रजा लागती, तुझं नाव राहतं, आन् त्यालाबी वाटतं आपन कुनाचं तरी भलं केलं."

कोंडीराम शिकला तो शिकलाच. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, एवढं शहाणपण त्या दोन महिन्यांच्या उपासानं त्याच्या अंगी मुरलं. पुढे तो कायम झाला, पण सवय सुटली नाही. खाडा खरा असो की कारकुनाच्या डुलकीतून पडलेला असो, कोंडीरामला ताप यायचा. हजेरीबुकावर विश्वास ठेवला तर या माणसाला वीस वर्षांत इतके ताप येऊन गेले होते की तो जिवंत कसा, याचं डॉक्टरांनी नवल करावं. एरवी त्याला साधं पडसंही व्हायचं नाही.

वर्ष-दीड वर्षापूर्वी करी रोडच्या त्यांच्या सगळ्या चाळीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. कोंडीरामनंही घेतली. घरातले देव फडक्यात बांधून समुद्रात सोडून आला आणि इथून पुढे कुणापुढे वाकायचं नाही म्हणून सगळ्यांबरोबर त्यानंही सांगितलं. सांगितलं ते मनापासून. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला नरे पार्कात जायचा तेव्हाही 'झालाच पाहिजे' म्हणताना त्याच्या गळ्याच्या शिरा फुगायच्या. बायको कौसल्या म्हणायची की तुमचा आवाज मला गॅलरीत ऐकू येतो. पण खिडकीशी एकटं उभं राहायचं झालं की त्याची मान आपोआप खाली जायची. याला कुणी भेकडपणा म्हणेल. म्हणोत. ज्यांची चूल दुसऱ्याच्या हातच्या फुलीवर अवलंबून नाही, त्यांनी मात्र जरा जपून म्हणावं.

थोरली मुलगी शेवंती त्या साली मॅट्रिकला बसली. चाळीतल्या मुलींत ती पहिली. परळच्या एका इस्पितळातल्या नर्सिंगच्या शाळेत तिनं आधीच जाऊन विचारून ठेवलं होतं, आणि तिथल्या मोठ्या बाईंना ती पोरगी आवडली होती. अट एकच. जुलैत वर्ग सुरू व्हायच्या आत मॅट्रिक पास झाल्याचा कागद आणायचा, नाहीतर जागा दुसरीला. इकडे कौसल्या धागा गुंडाळायच्या वायंडिंग खात्यात होती आणि तिथली नायकीण, बायकांवरची मुकादम, तिच्या कानाशी लागली होती की बायकांच्या जागा आता कमी होणार, पोरगी लावायची तर आत्ताच लाव. कौसल्या तिला हसून टाळत होती. रात्री खोकताना मात्र म्हणायची, "माझ्या छातीत कापूस गेला तेवढा बास. पोरीच्या न्हाई जाऊ द्यायची."

जूनमध्ये निकाल लागला. वर्तमानपत्रात शेवंतीचा नंबर नव्हता. तिनं तीनदा पाहिला, कोंडीरामनं पाहिला, खालच्या दुकानदारानं चष्मा पुसून पाहिला. नव्हता म्हणजे नव्हताच. बाप-लेक शाळेत गेले. शेवंतीच्या वर्गाच्या बाई, पद्मजाबाई, दादरच्या राहणाऱ्या, कडक पण मायेच्या. त्यांनी गुणपत्रक टेबलावर फिरवून कोंडीरामपुढे केलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवत वाचून दाखवलं. मराठी चांगलं, इंग्रजी बरं, शास्त्रात तर वर्गात दुसरी. गणिताच्या ओळीवर आकडाच नव्हता. तिथे लिहिलं होतं, 'गैरहजर'.

कोंडीरामला काहीच वाटलं नाही. राग नाही, दुःख नाही. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय बधिर होतो आणि चिमटा काढला तरी दुसऱ्याचाच पाय वाटतो, तसं त्याला सगळं अंग वाटू लागलं. तो त्या शब्दाकडे बघत राहिला. गैरहजर. शब्द ओळखीचा होता, इतकंच.

आणि ती गैरहजर नव्हती, हे जगात सगळ्यांत पक्कं कुणाला ठाऊक असेल तर त्यालाच. गणिताच्या पेपरच्या सकाळी हरताळाची आवई उठली होती. कुणी म्हणे ट्राम बंद, कुणी म्हणे दगडफेक सुरू झाली. परळ-लालबागनं गोळीबार पाहिलेला, त्यामुळे नुसतं 'पळा' म्हटलं तरी दुकानांच्या फळ्या लागायच्या. कोंडीरामनं मिलचा भोंगा ऐकला, डबा तसाच खुंटीला ठेवला आणि मुलीला घेऊन दादरच्या केंद्राकडे चालत निघाला. ती आत गेलेली त्यानं पाहिली. समोरच्या फुटपाथवर बदामाच्या झाडाखाली तो पेपर सुटेपर्यंत बसून राहिला. ती बाहेर आली ती उड्या मारतच. "हौदाचं गणित सुटलं, बा! त्या दोन नळांचं!" घरी येईपर्यंत तिनं त्याला तो हौद दोनदा भरून दाखवला. हरताळ काही झालाच नाही. दुसऱ्या दिवशी कोंडीरामनं खिडकीशी जाऊन सवयीनं सांगितलं, "ताप आला हुता, रावसाहेब," आणि खाड्याची रजा करून घेतली. यात त्याला विचार करण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

"हे बघा," पद्मजाबाई म्हणाल्या, "आपल्याच केंद्रावरच्या आणखी काही मुलींना गणितात असंच गैरहजर दाखवलंय. गठ्ठा कुठेतरी गहाळ झालाय, दुसरं काही नाही. ज्याच्या त्याच्या पालकानं जाऊन तक्रार द्यायची आहे. तुम्ही परीक्षा खात्याच्या कचेरीत जा आणि एवढंच सांगा, माझी मुलगी पेपरला हजर होती, तिची उत्तरपत्रिका शोधा. बाकी एक अक्षर बोलू नका."

"व्हय बाई," कोंडीराम म्हणाला.

कचेरी गिरगावच्या बाजूला होती. जिना लाकडी, भिंतीवर खडूनं लिहिलेल्या घोषणा अर्धवट पुसलेल्या. शिपायानं शेवंतीला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि कोंडीरामला एकट्यालाच आत सोडलं. आत एक अधिकारी आणि त्याच्या शेजारी लिहून घेणारा कारकून. चपला बाहेर काढायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी कोंडीरामनं काढल्या.

"साहेब, पोरीचं नाव शेवंती. गणिताला गैरहजर लावलंय," तो म्हणाला. इथवर ठीक झालं.

अधिकाऱ्यानं मान वर केली. सकाळपासून त्याच्याकडे असे दोन-तीन बाप येऊन गेले असावेत, कारण तो आधीच वैतागलेला होता. "म्हणजे आमची चूक, असंच ना? सगळ्यांचं तेच. खातं चुकलं! लाखो पेपर तपासतो आम्ही. बोला, आमची चूक झाली असं तुमचं म्हणणं आहे का?"

तो आवाज कोंडीरामच्या चांगला ओळखीचा होता. चेहरा वेगळा, टेबल मोठं, पण आवाज तोच. वीस वर्षं त्या आवाजापुढे जे केलं तेच त्याच्या देहानं आताही केलं. मान खाली गेली, हात जोडले गेले आणि तोंडातून शब्द निघाले, "न्हाई साहेब. चूक तुमची कशी असंल? पोरीला त्या दिशी ताप आला हुता. सांगायचं राहून गेलं. माफी करा."

अधिकारी एकदम केवढा बदलला! त्यानं कोंडीरामला खुर्चीवर बसायला सांगितलं. "मग हे आधी नाही का सांगायचं? आजारपण कुणाला चुकलंय? ऑक्टोबरला बसवा तिला. मी स्वतः शिफारस करतो." कारकुनानं दोन ओळी लिहिल्या, मुलगी आजारी असल्यामुळे पेपरला बसली नाही, आणि कोंडीरामनं खाली रात्रशाळेत गिरवलेली आपली सही ठोकली. चपला घालताना त्याला हायसं वाटत होतं. काम फत्ते झालं होतं, नाव राहिलं होतं.

"काय म्हणाले?" शेवंती उठून उभी राहिली.

"झालं काम. ऑक्टोबरला बसायचं. साहेबानं सोताहून सांगितलं."

"आणि माझा पेपर? शोधणार ना ते?"

"पेपराचं काय घिऊन बसलीस? साहेब आपल्या बाजूनं झाला न्हवं."

"बा, तुम्ही आत काय सांगितलंत?"

त्यानं सांगितलं. शेवंतीनं पदर सारखा केला आणि ती जिना उतरू लागली. करी रोड येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. कोंडीरामला वाटलं, दमली असेल.

जे बोलायचं ते घरी कौसल्या बोलली. "अवो, जागा जुलैची हाय. ऑक्टोबरला पास हून काय चुलीत घालायचं? आन् ज्या दिशी खाडा करून तुमी तिच्या मागं गेलात, त्याच दिशी ती आजारी? कुनाच्या घरची पोरगी आजारी हुती ती?"

जुलैची गोष्ट कोंडीरामच्या लक्षातच आली नव्हती. साहेब खूश झाल्यावर पुढचं काही लक्षात ठेवायची त्याला सवय नव्हती. तो भिंतीला टेकून बसला. शेजारणीनं विचारलं, काय झालं हो? तर म्हणाला, "काय न्हाई."

थोड्याच दिवसांनी पद्मजाबाई स्वतः चाळीत आल्या. त्या पहिल्यांदाच इकडे येत होत्या. जिन्यावरच्या पोरांनी त्यांना वाट काढून दिली. कौसल्यानं सतरंजी झटकून टाकली. बाईंनी पाणीसुद्धा नंतर घेतलं, आधी बोलल्या. गठ्ठा सापडला होता. कचेरीतल्याच एका कपाटामागे पडलेला, दोरी सुद्धा न सोडलेला. बाकी सगळ्या मुलींचे पेपर तपासले आणि त्या पास झाल्या.

"आन् आमची?" कौसल्यानं विचारलं.

"तिचाही पेपर त्यात आहे." बाईंनी कोंडीरामकडे पाहिलं. "पण तिच्या वडिलांनी सहीनिशी लिहून दिलंय की ती आलीच नव्हती. आता खातं म्हणतं, मुलगी घरी आजारी होती, तर तिच्या नंबरावर पेपर लिहिला कुणी? तोतया बसवल्याचा संशय आहे त्यांना. तसं ठरलं तर ऑक्टोबर विसरा, पुढची काही वर्षं तिला परीक्षेलाच बसू देणार नाहीत."

शेवंती स्टोव्हशी पाठमोरी उभी होती, ती तशीच उभी राहिली. गठ्ठा हरवणाऱ्याला जाब विचारणारं त्या कचेरीत कुणी नव्हतं, आणि ज्या पोरीचा पेपर हरवला तिलाच आता ती चोर नाही हे दाखवायचं होतं. असला न्याय फक्त कचेऱ्यांनाच जमतो.

कोंडीराम दुसऱ्या दिवशी एकटाच गेला. रस्ताभर तो एकच वाक्य घोकत होता. आत गेल्यावर मान खाली जायच्या आत त्यानं ते बोलून टाकलं. "साहेब, मी खोटं बोललो हुतो. पोरीला ताप न्हवता. ती आत पेपर लिहीत हुती आन् मी भायेर झाडाखाली बसलो हुतो." कुठल्याही टेबलापुढे कोंडीराम खरं बोलला तो तरुणपणानंतर त्याच वेळी.

अधिकारी यावेळी खुर्चीवर बसा म्हणाला नाही. "तेव्हा खोटं बोललात की आत्ता बोलताय? उद्या तिसरंच सांगाल. तुम्ही मिलमध्ये ना? मग त्या दिवशी कामावर नव्हतात आणि मुलीबरोबर होतात, असं मिलकडून लिहून आणा. मग बघू."

कोंडीराम हो म्हणून जिना उतरला आणि शेवटच्या पायरीवर त्याच्या डोक्यात उजेड पडला. मिलच्या हजेरीत त्या दिवशी तो घरी अंथरुणावर होता. ताप आला होता त्याला.

तरी तो खिडकीशी गेला. कारकुनानं पानं उलटून दाखवली. "हा बघ. ताप. तूच सांगितलंस. का रे, काय झालं?"

आता फक्त म्हणायचं होतं, ताप नव्हता. पण खोटी रजा घेतली म्हणून त्याच मोसमात दोघांना काढून टाकलं होतं, तेही कायम असलेल्यांना. कोंडीरामचं काम गेलं तर शेवंतीला मिलमध्ये जावं लागणार, आणि तो बोलला नाही तरीही शेवंतीला मिलमध्येच जावं लागणार. मागं रांग उभी होती. गुणाजी, आता म्हातारा झालेला, त्याच रांगेत होता. "बोल की," तो म्हणाला.

"काय न्हाई," कोंडीराम म्हणाला आणि बाजूला झाला.

मग ते दिवस कसे गेले ते त्याला नीट आठवत नाही. तो कामावर जायचा, धागे जोडायचा, घरी यायचा, ताटात असेल ते खायचा. भाजीत मीठ नाही हे दुसऱ्यांनी सांगितल्यावर कळायचं. सभेला गेला तर घोषणेच्या वेळी त्याचा हात वर जायचा पण तोंडातून आवाज निघायचा नाही. आपण फार दुःखी आहोत असंही त्याला वाटत नव्हतं. वाटलं असतं तर बरं झालं असतं. एकदा कौसल्या नायकिणीशी पोरीच्या जागेबद्दल बोलून आली आणि ते तिनं त्याला सांगितलं, तेव्हा त्यानं फक्त पाय पोटाशी घेतले आणि कूस बदलली.

कचेरीतून बोलावणं आलं, मुलीला घेऊन या. तोतयाच्या प्रकरणाचा निकाल लावायचा होता. पद्मजाबाईंनीच खटपट करून ते घडवलं होतं. मुलीचं हस्ताक्षर तरी ताडून बघा म्हणून त्या अधिकाऱ्याच्या मागे लागल्या होत्या. इस्पितळाच्या मोठ्या बाईंनी कागदासाठी दोन दिवस थांबायचं कबूल केलं होतं.

"बा, आज तुम्ही काही बोलू नका," जिना चढताना शेवंती म्हणाली. "त्यांनी विचारलं तर नुसतं हो म्हणा."

यावेळी दोघांनाही आत घेतलं. अधिकाऱ्यानं तिच्याकडून कागदावर काही ओळी लिहून घेतल्या आणि पेपराशेजारी ठेवून पाहिल्या. अक्षर तेच होतं. एखाद्या शहाण्याचं एवढ्यावर समाधान झालं असतं. पण कोंडीरामच्या सहीचा कागद त्या टेबलावर होता, आणि कागद खोटा म्हणायचा तर तो या साहेबानंच घेतलेला होता.

"अक्षर तुझंच आहे," तो म्हणाला. "मग तुझ्या वडिलांनी ताप आला होता म्हणून का लिहून दिलं? आणि नंतर झाडाबिडाची गोष्ट का सांगितली? मला वर उत्तर द्यावं लागतं. खात्यानं काय समजायचं?"

कोंडीराम शेवंतीकडे बघत होता. ती घरून ताठ निघाली होती, जिना ताठ चढली होती. आता तिनं मान खाली घातली, हात एकमेकांत गुंफले आणि बारीक आवाजात बोलू लागली. "चूक खात्याची नाही, साहेब. बाबांचीही नाही. माझीच आहे. मी एकटीच आले होते पेपरला. फार अवघड गेला, नापास होणार असं वाटलं. घरी मार बसेल म्हणून मी सांगितलं की वाटेत ताप भरला, मी बसलेच नाही. ते त्यांना खरंच वाटलं. नंतर संशयाचं कळलं तेव्हा मला वाचवायला ते झाडाचं म्हणाले. माफी करा, साहेब. पुन्हा असं होणार नाही."

अधिकाऱ्याचा चेहरा सैल झाला. त्याला हवं होतं ते सगळं त्यात होतं. खातं चुकलं नव्हतं, त्यानं घेतलेला कागदही चुकला नव्हता, एका पोरीनं घरी थाप मारली होती आणि ती आता हात जोडून उभी होती. "पाहिलंत?" तो कारकुनाला म्हणाला. "आणि बाहेर बोंब, की आम्ही पेपर हरवतो." मग शेवंतीला थोडा उपदेश झाला. बापाला फसवू नये, थोडक्यात भागलं, दुसरा कुणी असता तर जन्माचं नुकसान केलं असतं. ती प्रत्येक वाक्याला "हो साहेब" म्हणत होती.

"काय हो," त्यानं कोंडीरामला विचारलं, "खरंय हे? मुलीनं सांगितलं तेच खरं?"

बदामाच्या झाडाखाली बसलेला माणूस त्या एका प्रश्नानं पुसला जाणार होता. कोंडीरामनं तोंड उघडलं. शेवंतीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"व्हय, साहेब," तो म्हणाला.

पेपर तिथल्या तिथे तपासणाऱ्याकडे गेला आणि त्याच संध्याकाळी कागद मिळाला. गणितात शेवंती केंद्रातल्या सगळ्या मुलींच्या पुढे होती. अधिकारी हसून म्हणालासुद्धा, "एवढे मार्क आणि म्हणे अवघड गेला!" आणि तो आणखी काही विचार करायच्या आत शेवंती नमस्कार करून बाहेर पडली.

रस्त्यावर दिवे लागत होते. शेवंतीनं कागद उघडून पाहिला, पुन्हा घडी करून पोलक्यात ठेवला. ती खूश होती, खूप दिवसांनी तिचं तोंड हसरं दिसत होतं. कोंडीराम मागे पडला तेव्हा ती थांबली.

"पोरी," तो म्हणाला, "त्या दुसऱ्या बारीला मी खरं बोललो हुतो."

"मला ठाऊक आहे, बा. मी बाहेर आले तेव्हा तुम्ही झाडाखालीच होतात की. पण ते सांगत बसले असते तर आज कागद मिळाला नसता." तिनं त्याचा हात धरला. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, कौतुकच होतं. "आत गेल्यावर मी आधी घाबरले. मग म्हटलं, माझा बा असता तर कसं बोलला असता? तसंच बोलले. तुमच्यामुळेच झालं."

कोंडीरामनं तिला वाचायला बसवलं होतं, फीसाठी ओव्हरटाइम केला होता, रात्री दिवा पुरावा म्हणून स्वतः गॅलरीत झोपला होता. पण खिडकीपुढे कसं उभं राहायचं, हे त्यानं तिला कधी शिकवलं नव्हतं. ते तेवढं या घरात आपल्यावरच संपावं, अशी त्याची इच्छा होती. तो चालायचा थांबला. जून महिन्यापासून कोरडे पडलेले त्याचे डोळे एकदम भरून आले आणि भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, तो तोंडावर टॉवेल धरून हुंदके देऊ लागला. शेवंतीला वाटलं, आपण पास झालो म्हणून बा आनंदानं रडतोय. तिनं त्याला फुटपाथच्या कडेला घेतलं आणि त्याचं रडून होईपर्यंत ती हसत उभी राहिली.